जांभळे पट्टे

६ एप्रिल, रविवार

हौकीवूरीच्या जंगलाचा नकाशा आज काढून संपला. दोन उन्हाळे त्या जंगलात पायपीट केली, डासांना पोटभर रक्त पाजलं, एका दलदलीत डावा बूट कायमचा ठेवून आले. आता त्यातला प्रत्येक कडा, प्रत्येक खड्डा कागदावर आहे. जूनमध्ये तिथे नकाशा वाचत जंगलातून धावायची निवडशर्यत आहे आणि राष्ट्रीय कनिष्ठ संघात कोण जाणार ते त्या एकाच दिवशी ठरेल. आमची विल्या धावणार आहे. एकोणीस पूर्ण, म्हणजे या गटातली तिची ही शेवटची संधी.

हिल्काला हे अजिबात पसंत नव्हतं. ती शर्यतीची मुख्य निरीक्षक, आणि चाळीस वर्षांत तिला कुणी हसताना पाहिलेलं नाही.

"नकाशा आईने काढायचा आणि शर्यत मुलीने धावायची?" ती म्हणाली. "औती, लोक काय बोलतील?"

"लोकांना बोलू दे. सुटायच्या क्षणी नकाशा हातात पडतो, त्याआधी त्याचा कोपरासुद्धा विल्याला दिसणार नाही. माझा शब्द."

माझ्या त्या शब्दावर तिने परवानगी दिली. शब्द पाळणं आम्हाला जड नाही. जंगल दोन वर्षं धावपटूंना बंद आहे आणि विल्याने तिथे ब्लूबेरी वेचायलासुद्धा पाऊल टाकलेलं नाही. मी काम करते ते अंगणातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, कुलूप लावून. जेवताना त्या जंगलाचं नावही निघत नाही. माझा नवरा किम्मो थट्टा करतो, "आमच्या घरात तीन माणसं आणि एक लष्करी गुपित राहतं."

१२ एप्रिल, शनिवार

पहिली चाचणी छापली आणि कपाळावर हात मारून घेतला.

जंगलाच्या मधोमध गरुडाचं घरटं आहे. त्याच्या भोवतालचा भाग वर्ज्य, तिथून धावलं की बाद. नकाशावर त्या भागावर जांभळे तिरके पट्टे येतात आणि पट्ट्यांच्या फटींतून खालच्या उंचीच्या तपकिरी रेषा दिसायला हव्यात. मी पट्ट्यांची एक पारदर्शक प्रतिमा करून वर ठेवली होती. पडद्यावर देखणी दिसत होती. पीडीएफ काढून छापली तर पट्ट्यांच्या मागे पांढरा ठोकळा! खालचं सगळं जंगल पुसून गेलेलं, जणू कुणी तिथे पिठाची पिशवी उलटवली आहे.

छापायला किम्मोची मदत घ्यावी लागते. पाण्यात न भिजणारा कागद चालेल असं यंत्र गावात एकच, त्याच्या शाळेत. तो तिथे खेळाचा मास्तर, यंत्र त्याच्याच नावाने चालू होतं. आधी जिवावर आलं होतं, कारण तो विल्याचा प्रशिक्षकही आहे. आणि चाचणीत शर्यतीचा मार्ग घातल्याशिवाय भागत नाही. मार्गही त्याच जांभळ्या शाईचा, आणि अडचण नेमकी त्या जांभळ्याचीच. पण किम्मो म्हणाला, "मी कागद पालथाच उचलीन. बावीस वर्षांचा संसार आहे, एवढा तरी विश्वास ठेव."

ठेवला. पाहून झालं की कागद सॉनाच्या चुलीत, असं ठरलं. तो कागद कसला, प्लॅस्टिकच. जळताना असा उग्र वास सुटला की आम्ही तिघंही घाम यायच्या आतच बाहेर पळालो. विल्या खोकत म्हणाली, "आई, तुझं गुपित घाण मारतंय."

१५ एप्रिल

ताइस्तोला फोन केला. शर्यतीचा मार्ग त्याने आखलाय, धावताना ओळीने गाठायच्या ठाण्यांपैकी आठव्यापासून नवव्याकडे जाणारी सरळ रेषा मुद्दाम त्या वर्ज्य भागावरून नेलीय. डावीकडून जावं की उजवीकडून, हे ज्याचं त्याने नकाशा वाचून ठरवायचं. दोन्हीकडून वळसाच. त्यामुळे पट्टे नीट दिसले नाहीत तर त्याचा सगळा डाव फुकट.

"मी पेन्सिलीने नकाशे काढायचो," तो म्हणाला. "तेव्हा कुठे काही पारदर्शक होतं? तरी माणसं जेवायच्या वेळेला घरी पोचायची."

म्हातारा कामाचं काही सांगत नाही, पण बरं वाटतं.

२६ एप्रिल, शनिवार

दुसरी चाचणी. या वेळी सगळे थर एकत्र करून, अख्ख्या नकाशाचंच एक चित्र केलं आणि ते पीडीएफमध्ये घातलं. पांढरा ठोकळा गेला, पण बारीक रेषा पार विरघळल्या. कडा कुठला आणि ओढा कुठला, मलाच कळेना. ताइस्तो म्हणाला, "यासोबत प्रत्येकाला एक चष्मा वाटणार आहेस का?"

कागद चुलीत गेला. पुन्हा तोच वास. विल्या आज सॉनात आलीच नाही, थेट तळ्यात उडी मारून आली. बर्फ वितळून आठवडा नाही झाला. वेडी मुलगी.

तिची मला काळजी वाटते. गेले महिनाभर झोपत नाही, ताटात चिवडत बसते. किम्मो तिला सतत घड्याळ दाखवतो. तो स्वतः तिच्या वयाचा असताना असाच अगदी थोडक्यात संघाबाहेर राहिला होता आणि ते अजून त्याच्या घशात अडकलंय. मी म्हटलं, जरा सैल सोड तिला. तर म्हणाला, "तुझं बरंय. तुझं जंगल जागचं हलत नाही."

३ मे, शनिवार

नाकी नऊ आले. तिसऱ्या चाचणीत पट्टे साफ गायब! प्रतिमा परत वेगळी ठेवली, तिची पारदर्शकता निम्मी केली, पीडीएफ उघडून दहादा पाहिली. पडद्यावर पट्टे आहेत, कागदावर नाहीत. बाकी सगळं मात्र इतकं सुरेख उतरलंय की रडू यावं. रेषा धारदार, ठाण्यांची वर्तुळं आरपार, आणि जिथे गरुडाचं घरटं तिथे टेकडीची एक लांबलचक मोकळी धार, धावायला आमंत्रण दिल्यासारखी. ज्याला ठाऊक नाही त्याला या कागदात काही चूक आहे असं वाटणारही नाही.

किम्मोने विचारलं, "झालं का मनासारखं?"

"अजून नाही," एवढंच म्हटलं. काय बिघडलंय ते सांगितलं नाही, घरातला नियम तो नियम.

"थकलीयेस तू. पड जरा. कागद मी जाळतो, सॉनाही तापवतो."

खरंच डोळा लागला. उठले तेव्हा सॉना मस्त तापला होता आणि वास अजिबात नाही. त्याने धुराड्याची झडप आधीच उघडली असणार. मला आधीच्या दोन्ही वेळा सुचलं नव्हतं. कधीकधी या माणसावर नव्याने प्रेम बसतं.

९ मे

विल्या झोपायला लागली! काल नऊ तास. सकाळी तिने राय धान्याच्या भाकरीचे चार तुकडे लोणी फासून खाल्ले. किम्मो तिला रोज नदीपलीकडच्या खडकाळ धारेवर नेतो, तिथे खाली न बघता, पायाखालच्या अंदाजाने धावायचा सराव चाललाय म्हणे. पोरीचा चेहराच बदलला.

संध्याकाळी भांडी पुसताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"आई, तू बोलून दाखवत नाहीस. पण मला कळतं."

"काय कळतं?"

"काही नाही," म्हणाली आणि हसली.

आमच्या घरात प्रेमाबिमाचं बोलायची पद्धत नाही. मी तिच्या हातात आणखी एक ताट दिलं.

१४ मे

सापडलं! आणि इतकं सोपं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पडद्यावर रंगांचं मिश्रण संगणक करून दाखवतो. छापणाऱ्या यंत्राला ती पारदर्शकता कळत नाही, मग ते कधी मागे पांढरं भरतं, कधी प्रतिमाच गाळून टाकतं. तेव्हा पारदर्शक प्रतिमा ठेवायचीच नाही. मी एकेक पट्टा रेष म्हणून हाताने ओढला आणि जांभळी शाई बाकीच्या शायांवरून छापायला सांगितली, खालचं काही न पुसता. फटी त्या फटीच राहतात. पारदर्शक करण्यासारखं काही उरतच नाही.

शाळेचं यंत्र आता नको. थेट तांपेरेच्या छापखान्यात जाऊन, समोर उभी राहून छापून घेतले. पट्टे असे ठसठशीत की आंधळ्यालाही दिसावेत. गठ्ठे तिथेच हिल्काची मोहोर लावून बंद झाले. तिने एक नकाशा हात लांब करून पाहिला आणि म्हणाली, "बरा आहे." हिल्काच्या तोंडून हे म्हणजे पदक.

घरी काही बोलले नाही. खरं तर ओरडून सांगावंसं वाटत होतं. किम्मोला वाटतं मी अजून झगडतेच आहे. शर्यतीच्या दिवशी बघेल आणि चाट पडेल.

६ जून

उद्या शर्यत. मी भाताची घट्ट पेज भरलेल्या रायच्या पोळ्या भाजल्या, विल्याला आवडतात म्हणून. तिने दोन खाल्ल्या, हात पुसले आणि मला घट्ट मिठी मारली.

"थँक्यू, आई. सगळ्याबद्दल."

"अगं, पोळ्या तर आहेत."

ती किम्मोकडे बघून हसली. तो खिडकीबाहेर बघत होता. तोही मनातून धास्तावला असेल.

७ जून, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

मैदानात मोठा पडदा लावला होता. धावणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर यंत्र असतं, त्यामुळे ती जंगलात कुठे आहे ते पडद्यावर ठिपक्याने दिसतं. विल्याचा ठिपका लाल. आठव्या ठाण्यापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. लोक माझी पाठ थोपटत होते.

आठव्या ठाण्यावर प्रत्येक मुलगी थबकली. काहीजणी डावीकडे गेल्या, काही उजवीकडे. लाल ठिपका थांबलाच नाही. सरळ गेला. धारेवरून, वर्ज्य भागाच्या पोटातून, तीरासारखा. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "अरे, ही काय करतेय?"

जमिनीवर तिथे फीत बांधलेली नाही, घरट्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. जे काही आहे ते नकाशावर. आणि ती नकाशाकडे बघतच नसणार. चुकलेला माणूस असा धावत नाही. रस्ता पाठ असलेला माणूस असा धावतो.

तो तिसरा कागद डोळ्यांसमोर आला. लांबलचक मोकळी धार. मी तो विचार तिथल्या तिथे झटकला. कागद जळालाय. विल्या दमली असेल, घाबरली असेल, पट्टे दिसले नसतील. पोरं चुकतात.

ती सर्वांत आधी आली, हात उंचावून, आणि थेट माझ्याकडे धावत यायला लागली. मध्येच हिल्काने तिला अडवलं आणि बाद झाल्याचं सांगितलं. विल्याने हातातला नकाशा उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मान वर करून तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला समजलं नाही. चुकलेल्या माणसाची नजर नव्हती ती. उलट, मीच काही केल्यासारखी.

अर्ध्या तासाने किम्मोने मला कॉफीच्या तंबूमागे नेलं. त्याने तक्रार दिली होती, नकाशाची छपाई सदोष, पट्टे दिसत नाहीत म्हणून. तक्रार मान्य झाली तर तो टप्पा सगळ्यांसाठीच रद्द होतो आणि विल्या पहिली येते.

"तुला बोलावतील आता," तो म्हणाला. "तू फक्त एवढंच सांग, की पारदर्शकतेची अडचण येत होती."

"ती मिटली."

"येत होती की नाही? मग खोटं काय त्यात? दोन महिने माझ्या कानीकपाळी तेच ओरडत होतीस."

"मी तुला कधीच काही सांगितलं नाही, किम्मो. अडचण पट्ट्यांची होती हेही नाही."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मुलीचं आयुष्य आहे, औती. कागदाचं काय एवढं?"

कागदाचं काय एवढं! दोन उन्हाळे मी त्या कागदासाठी चिखलात घातले आणि हा माणूस रोज माझे ओले मोजे वाळत घालायचा.

पंचांच्या टेबलावर हिल्काने नकाशा माझ्यासमोर ठेवला. "तू काढलास, तूच सांग. पट्टे दिसतात का?"

विल्या कोपऱ्यात चिखलाच्या पायांनी उभी होती. मी एकदा 'नाही' म्हटलं असतं तर ती संघात होती. बाकी मुली ज्या पट्टे बघून, वळसा घालून, धापा टाकत आल्या, त्यांना काय, छपाई सदोष होती म्हणून सांगितलं असतं.

"दिसतात," मी म्हटलं. "स्वच्छ दिसतात."



८ जून

विल्या तळ्याच्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "पुढच्या वर्षी मोठ्या गटात…"

"तू नकाशा दुरुस्त केलास," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "मग मला दुसरा कागद का नाही दिलास?"

"दुसरा? पहिला कोणता?"

"आई, पुरे."

"विल्या, कोणता कागद?"

"जो तू बाबाबरोबर पाठवलास तो! पट्टे नसलेला. महिनाभर तो पाठ केला मी, डोळे मिटूनही दिसायचा. बाबा म्हणाला, आईने दिलाय, पण तिने हिल्काला शब्द दिलाय ना, तेव्हा तिच्यासमोर चकार शब्द काढू नकोस. मी नाही काढला. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी मोडलंस."

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला.

"आणि मग तू पट्टे घातलेस आणि सांगितलं नाहीस. वर पंचांसमोर म्हणालीस, स्वच्छ दिसतात." तिने पाय पाण्यातून वर घेतले. "मला खड्ड्यात जाताना बघत उभी राहिलीस."

"मी तो कागद पाठवला नव्हता. मला माहीतही नव्हतं. मी तो जाळायला दिला होता."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आता तरी खोटं बोलू नकोस," म्हणाली आणि उठून गेली.

मी बसून राहिले. भांडी पुसतानाची ती, मिठी मारतानाची ती. तिचं ते प्रेम मला त्या चोरलेल्या कागदावर मिळालं होतं. आता कागद नाही तर तेही नाही.

९ जून

किम्मोने काही नाकारलं नाही. तेच जास्त लागलं. थोडी तरी लाज वाटून खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"ती झोपत नव्हती," तो म्हणाला. "तू पाहिलं नाहीस का? कागद मिळाला आणि पोरगी माणसात आली. आणि तुझ्या नावाने दिला, म्हणजे तुझंच भलं केलं."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारून काय उपयोग? तू नाही म्हणाली असतीस."

बावीस वर्षांत त्याने मला किती नीट ओळखलंय ते त्या एका वाक्यात कळलं. ओळखून असं वागला. परक्याने केलं असतं तर शिवी हासडून मोकळी झाले असते.

तो सामान घेऊन त्याच्या भावाकडे गेला. मी अडवलं नाही.

१० जून

हिल्काकडे जाऊन सगळं सांगितलं. ठरवायला दोन दिवस लागले, हे इथे कबूल करते. विल्या बाद झालीच आहे, आता आणखी तोंड कशाला उघडायचं, असंही मनात येऊन गेलं. पण शब्द मी दिला होता. तो किम्मोने मोडला असला तरी माझा होता.

हिल्काने बराच वेळ कॉफी ढवळली.

"किम्मोवर कायमची बंदी येईल. विल्याला एक वर्ष तरी घरी बसावं लागेल."

"ठाऊक आहे."

"आणि तुला यापुढे निवडशर्यतीचं काम मिळणार नाही. तू काही केलं नाहीस, तरी."

"तेही ठाऊक आहे."

दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "नकाशा मात्र चांगला होता." मला तिथेच रडू कोसळलं आणि हिल्काने, जिला कुणी हसताना पाहिलं नाही, माझा कोपर धरून ठेवला.

विल्याला मीच सांगितलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं.

१४ जून, शनिवार

शनिवार म्हणून सॉना तापवला. एकटीसाठी तापवावा की नाही, यावर लाकडं हातात घेऊन उभी राहिले होते. शेवटी सवयीने काडी लावली.

आत बसले होते तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. विल्या, बाहेरच्याच कपड्यांत. हातात घडी घातलेला कागद. घड्यांवर पार झिजलेला, किती वेळा उघडला-मिटला असेल.

"बाबाला फोन केला होता," ती म्हणाली.

मी बाकावर सरकून जागा केली.

"मी विचारलं, आईने खरंच दिला होता का. तो म्हणाला, तुझ्या आईने? तिने तर जाळायला सांगितला होता."

मला तिच्याकडून माफी नको होती. मला ती मिठी परत हवी होती, पण ती मुळात माझी नव्हतीच. तिने चुलीचं दार उघडलं, कागद आत टाकला आणि तो आकसून काळा होईपर्यंत वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता बाहेर गेली. पायऱ्यांवर बसली की घरात गेली, ते मला आतून कळलं नाही.

खोलीभर तोच उग्र वास पसरला. डोळे चुरचुरायला लागले तरी मी झडप उघडली नाही.